अण्णांची उडती गाणी

गेल्या मे महिन्यात गिरीजला ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबात लग्न होतं. आमच्या वसईत ख्रिस्ती घरचं लग्न म्हणजे बँड आलाच. आदल्या रात्री मांडवात जेवणं उरकली, बँडवाल्यांनी दोन-चार इंग्रजी चाली वाजवल्या आणि मग एकदम 'ईना मीना डीका' सुरू केलं. झालं! आजीपासून नातीपर्यंत सगळ्या उठल्या. मीही उठले. सहज मागं वळून बघितलं तर माझी आई खुर्चीतच बसलेली. वय ऐंशीच्या पुढं, गुडघ्यांनी संप पुकारलेला. पण तिचा उजवा हात मांडीवर चालत होता. ताल धरत नव्हता. बोटं एकामागून एक पडत होती, अगदी पेटीवर पडावीत तशी.

मैत्रिणींनो, आईला पेटी येते हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या रात्री कळलं.

रिक्षातून घरी येताना तिनं सांगितलं. आजोबा, म्हणजे तिचे वडील, नाट्यसंगीताचे वेडे. घरात पेटी होती. वसईच्या वाडीतलं घर, केळीची बाग, विहीर आणि कुंपणापलीकडं एक ख्रिस्ती कुटुंब. त्यांच्याकडं रेडिओ होता. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागली की आईला विहिरीवर काहीतरी काम निघायचंच. त्या काळात 'आशा' सिनेमा आला होता. एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून तेरा वर्षांच्या आईनं 'ईना मीना डीका' पेटीवर बसवलं. वाजवून मान वर केली तर दारात आजोबा उभे. ते ओरडले नाहीत, मारलंही नाही. दुसऱ्या दिवशी पेटी माळ्यावर गेली. असल्या थिल्लर गाण्यांसाठी घरात पेटी ठेवलेली नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. ती पेटी पुन्हा खाली आलीच नाही. आईनंही पुन्हा कधी पेटीला हात लावला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. हे थिल्लर गाणं केलं तरी कुणी, म्हणून मी शोधायला बसले. नाव तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, सी. रामचंद्र. पण त्यांचं आयुष्य वाचत गेले तसतशी मला आजोबांची कीव येऊ लागली आणि आईसाठी जीव तुटू लागला. का, ते पुढं सांगते.

'सी.' म्हणजे चितळकर. नावाच्या आधी असं आद्याक्षर आलं की आपल्याला वाटतं मद्रासकडचा कुणी असणार. पण हे रामचंद्र नरहर चितळकर पक्के मराठी. जन्म १२ जानेवारी १९१८चा, अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा (तो जिल्हा आता अहिल्यानगर झाला). ओळखीचे सगळे त्यांना अण्णा म्हणत. आपणही अण्णाच म्हणू या.

अण्णांचं गाण्याचं शिक्षण कुठं झालं माहीत आहे? नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडं आणि पुण्याला गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडं. विनायकबुवा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या बरोबर त्यांनी भूमिका केल्या आणि पुढं १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. ज्यांचं नाव घेताना आजोबांचा हात कानाच्या पाळीला जायचा, ते हेच विनायकबुवा! म्हणजे ज्या गाण्यापायी माझ्या आईची पेटी माळ्यावर गेली, ते गाणं आजोबांच्या देवाच्या शिष्यानं केलेलं होतं. आजोबांना हे कधी कळलं नाही. आईलाही परवापर्यंत माहीत नव्हतं.

अण्णांना मात्र गवई व्हायचं नव्हतं. त्यांना पडद्यावर यायचं होतं. १९३५च्या 'नागानंद' या सिनेमात ते चक्क नायक झाले. सिनेमा चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये दोन-तीन किरकोळ भूमिका केल्या. नायकाचा एकदम गर्दीतला माणूस झाला. दुसरा कुणी असता तर गाशा गुंडाळून गावी गेला असता. पण अण्णांच्या बोटांत पेटी होती. मिनर्व्हातच बुंदू खाँ आणि हबीब खाँ या संगीतकारांना पेटीची साथ करायचं काम त्यांनी धरलं. पडद्यावर जागा मिळाली नाही, ती पेटीमागं मिळाली.

पेटीमागं बसून माणूस फार शिकतो. चाल कशी जन्मते, गायिका कुठं अडते, निर्मात्याला काय हवं असतं आणि तो मागताना काय मागतो, हे सगळं अगदी समोर घडत असतं. पुढं मास्टर भगवान नावाच्या मराठी गिरणगावातल्या तरुणाशी अण्णांची दोस्ती जमली. भगवान स्टंटपट काढायचे. संगीतकार म्हणून अण्णांचे पहिले दोन सिनेमे भगवाननींच दिग्दर्शित केलेले आणि तेही तमिळ, 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी'. पुण्यात शिकलेला मराठी पोरगा, मुंबईचा मराठी दिग्दर्शक आणि भाषा तमिळ! पोटासाठी माणूस काय काय करतो. १९४२ साली आलेल्या 'सुखी जीवन'नं त्यांचं नाव हिंदीत व्हायला लागलं.

नाव म्हणावं तर ते तरी एक कुठं होतं? कुठं राम चितळकर, कुठं अण्णासाहेब, कुठं श्यामू. मोठ्या सिनेमाला सी. रामचंद्र आणि स्वतः गायले की नुसतं चितळकर. एका माणसाची इतकी नावं पाहून मला आपल्याच बायकांची आठवण झाली. माहेरचं एक, सासरचं एक, मुलांच्या शाळेत अमक्याची आई. काम तेवढं तेच!

१९४७ साली 'शहनाई' आला आणि अण्णांचं दिवस पालटले. त्यातलं रविवारी भेटायला बोलावणारं गाणं आजही लोकांच्या ओठावर आहे. मीना कपूर आणि शमशाद बेगम यांच्याबरोबर चितळकर स्वतः गायले. त्यात गिटार होती, तोंडानं वाजवायचा बाजा होता आणि चक्क शिट्टी होती. आपल्याकडं घरंदाज माणसानं शिट्टी वाजवायची नाही, मुलीनं तर नाहीच नाही. अण्णांनी ती थेट गाण्यात आणली. गाणं गाजलं तशी टीकाही झाली. हे काय संगीत आहे, असं जाणते लोक विचारू लागले.

पाठोपाठ १९४९ साली 'पतंगा'. रंगूनला गेलेल्या नवऱ्याचा टेलिफोन येतो, ते शमशाद बेगम आणि चितळकर यांचं गाणं. पडद्यावर निगार सुलताना आणि गोप. आपण हसत हसत ऐकतो, पण जरा वेगळ्या कानानं ऐकून बघा. नवरा दूर देशी, बायको इकडं आणि मध्ये एक तार. आमच्या वसईतल्या कितीतरी बायकांनी आखातात किंवा बोटीवर गेलेल्या नवऱ्यांचे फोन असेच शेजारच्या घरात धावत जाऊन घेतले आहेत. विनोदी गाण्यात अण्णांनी बायकोचा विरह असा अलगद ठेवून दिला होता. रडगाणं न करता.

१९५० साली 'समाधी' आला. त्यातलं 'गोरे गोरे' लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी म्हटलं. पडद्यावर नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर. याची चाल एका लॅटिन अमेरिकी ढंगाच्या गाण्यावरून घेतलेली. कार्मेन मिरांडा या गायिकेनं १९४५च्या एका हॉलिवूडपटात ते गाणं म्हटलं होतं. म्हणजे उचल होतीच, ते लपवायचं कारण नाही. पण ऐकताना कुठं परकं वाटतं? आपल्याकडच्या दोन मैत्रिणी अंगणात एकमेकींची थट्टा करताहेत असंच वाटतं.

आता जरा जगाकडं बघू या. त्याच वर्षांत अमेरिकेत काय चाललं होतं? न्यू ऑर्लिन्स शहरात फॅट्स डॉमिनो नावाचा एक गुबगुबीत कृष्णवर्णीय तरुण पियानोवर बसून गायचा. डाव्या हाताचा ठेका असा की ऐकणाऱ्याचा पाय जमिनीवर राहू नये. त्याचं पहिलं गाणं १९४९च्या डिसेंबरात ध्वनिमुद्रित झालं. कृष्णवर्णीयांच्या असल्या नाचत्या गाण्यांच्या तबकड्यांना तोवर तिथले व्यापारी वंशावरून ओळखत. १९४९ सालीच 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव त्यांना मिळालं. पुढं त्यातूनच रॉक अँड रोल निघालं. तिथंही सभ्य घरांत हे संगीत वाह्यात मानलं जायचं. गोऱ्या घरांतल्या मुली ते चोरून ऐकायच्या. वसईच्या विहिरीवर उभी राहणारी माझी आई एकटी नव्हती तर!

पण तिकडचा ठेका मुंबईत अण्णांच्या पेटीपर्यंत आला कसा? ही वाट मोठी मजेशीर आहे. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझ वादक येऊन वाजवायचे. टेडी वेदरफर्ड हा त्यांच्यातला नावाजलेला पियानोवादक. तो पुढं कलकत्त्याला गेला आणि १९४५ साली तिथंच वारला. या मंडळींचं वाजवणं अगदी जवळून ऐकलं ते गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना लहानपणीच स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवायचे. नोकरीच्या शोधात ही मुलं मुंबईला आली, हॉटेलांतल्या वाद्यवृंदात लागली आणि अमेरिकी ठेका शिकली. मग १९४९ साली मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा आला. हॉटेलांतली नाचगाण्यांची रया गेली. या वादकांनी मोर्चा वळवला तो सिनेमाच्या स्टुडिओंकडं.

आणि तिथं अण्णा त्यांची वाटच बघत होते म्हणा ना!

अण्णांचा उजवा हात होता चिक चॉकलेट. खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे. ट्रम्पेट असा वाजवायचा की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. रात्री ताजमध्ये स्वतःचा बँड आणि दिवसा अण्णांबरोबर काम. कामाची पद्धत साधारण अशी असायची. संगीतकारानं पेटीवर चाल बांधायची, गाऊन दाखवायची. गोव्याच्या साहाय्यकानं ती कागदावर पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायची. कुठं ट्रम्पेट, कुठं सॅक्सोफोन, कुठं व्हायोलिनं, हे ठरवून प्रत्येक वादकाच्या पुढ्यात त्याचा त्याचा कागद ठेवायचा. मग गायिका आणि सगळा ताफा एकत्र उभा राहून गाणं एका दमात ध्वनिमुद्रित व्हायचं. एकाचा सूर चुकला की सगळ्यांनी पहिल्यापासून. तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीमागं एवढा घाम असायचा.

तबकडीवर नाव मात्र सिनेमाचं, गायकाचं आणि फार तर संगीतकाराचं. वादकांची नावं कुठंच नाहीत. चिक चॉकलेटचं नाव 'नादान'सारख्या एखाद्या सिनेमाला संगीतकार म्हणून लागलं, ते सोडलं तर आपण त्याला कुठं ओळखतो? १९६७ साली तो गेला. पण त्याला बघायचं असेल तर एक सोय आहे. 'अलबेला' बघा. आपल्या बँडसकट तो पडद्यावरही आहे.

'अलबेला' १९५१चा. भगवान आणि गीता बाली. हिरो म्हणावा तर भगवान बुटके, स्थूल, नाचणं अगदी बेताचं. हात खांद्याच्या वर नाहीत आणि पाय वीतभर पुढं-मागं. पण तेच नाचणं देशभर गेलं, कारण ते कुणालाही जमण्यासारखं होतं. 'शोला जो भडके' आणि 'भोली सूरत' या गाण्यांवर थेटरात लोक उठून नाचायचे, पडद्यावर पैसे फेकायचे. आज गणपतीच्या मिरवणुकीत आपला कुठलाही काका जे हात-पाय हलवतो ना, ते भगवानदादांचंच देणं. त्याच सिनेमात अण्णांनी लताबाईंकडून एक अंगाईही गाऊन घेतली. एका बाजूला ट्रम्पेट आणि बोंगो, दुसऱ्या बाजूला बाळाच्या पापण्या मिटाव्यात इतकं हळुवार गाणं. दोन्ही एकाच पेटीतून निघालेलं.

इथंच मला थांबून सांगावंसं वाटतं. ज्यांनी अण्णांना थिल्लर ठरवलं त्यांनी ही अंगाई ऐकली नसेल का? ऐकलीच असेल. १९५३च्या 'अनारकली'तली लताबाईंची गाणी तर घराघरात गेली. विनायकबुवांकडं घोटलेला सूर तिथं स्वच्छ ऐकू येतो. पण आपल्याकडं एक सवय आहे. हळुवार गाणं केलं की माणूस गुणी आणि नाचतं केलं की त्यानं गुण वाया घालवले. जणू माणसाला हसवायला, उठवायला, नाचवायला काही अक्कल लागतच नाही! स्वयंपाकघरात उभ्या आयुष्यभर राहिलेल्या बाईला विचारा. पुरणपोळीचं कौतुक होतं, पण रोजची चटणी चवदार करायला तेवढाच हात लागतो.

त्या काळात तर सरकारनंही हीच री ओढली होती. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. शास्त्रीय संगीत ऐकवून लोकांची अभिरुची सुधारायची होती. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई सिलोनवर नेली! त्याच वर्षअखेरीस बिनाका गीतमाला सुरू झाली. माझ्या आजोबांनी घरात जे केलं तेच दिल्लीनं देशात केलं होतं आणि दोन्हीकडं निकाल सारखाच लागला. गाणी कुंपणापलीकडून ऐकू येत राहिली.

अण्णांच्या हाताला वेगही जबरदस्त होता. १९५५च्या 'आझाद'साठी निर्मात्याला सगळी गाणी काही आठवड्यांत हवी होती. दुसऱ्या मोठ्या संगीतकारानं नकार दिला, असं सांगतात. अण्णांनी होकार दिला आणि गाणी करून टाकली. त्यातलं एक युगुलगीत तलत महमूद यांच्यासाठी होतं म्हणे, पण ते येऊ शकले नाहीत. मग चितळकर स्वतःच उभे राहिले आणि असे गायले की आजही पुष्कळांना तो आवाज तलतचाच वाटतो. पडलं ते काम करायचं, नावाचा हिशेब नंतर.

आणि मग आलं १९५७ आणि 'आशा'. अण्णांच्या खोलीबाहेर मुलं खेळत होती. कुणावर राज्य, हे ठरवायला ती इंग्रजी शाळेतली ती टिपिकल ओळ म्हणत होती. तेवढ्यावरून अण्णांना गाण्याचा मुखडा सुचला, अशी हकिकत आहे. त्यांचे गोव्याचे साहाय्यक जॉन गोम्स यांनी त्यात आपल्या कोकणी बोलीतले, मला नको म्हणायचे दोन शब्द घुसडून दिले. साऱ्या हिंदुस्थानाला वाटलं निरर्थक बडबड आहे. आमच्या वसईतल्या लग्नांत मात्र ते दोन शब्द आले की गोव्याकडचे पाहुणे हमखास जास्त जोरात ओरडतात! गाण्याचे बाकीचे शब्द राजेंद्र कृष्ण यांचे. एकदा किशोरकुमार गातात, एकदा आशा भोसले. हिंदी सिनेमात रॉकचा ठेका रुजवला तो या गाण्यानं. म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा ठेका, गोव्याचं ट्रम्पेट, पंजाबकडचा कवी आणि पुणतांब्याच्या ब्राह्मणाची पेटी. असल्या गाण्याला थिल्लर म्हणायचं तर म्हणा, पण ते करायला किती गावचं शहाणपण लागलं बघा.

यानंतरचा अण्णांचा काळ उतरणीचा. लताबाई आणि अण्णा यांची वाट अठ्ठावन्नच्या सुमारास वेगळी झाली. त्यावर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. मला त्यात शिरायचं नाही. दोन मोठी माणसं एकत्र काम करतात आणि एके दिवशी करेनाशी होतात, हे कुठल्याही क्षेत्रात घडतं. १९५९ साली शांतारामबापूंचा 'नवरंग' आला तेव्हा त्यातली गाणी आशाबाईंनी गाजवली. मग २७ जानेवारी १९६३. चीनच्या युद्धाची जखम ओली होती. दिल्लीतल्या जाहीर कार्यक्रमात पंडित नेहरूंच्या समोर लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायलं. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल अण्णांची. नेहरूंचे डोळे पाणावले, ते सगळ्यांना माहीत आहे. दरवर्षी २६ जानेवारीला शाळाशाळांतून ते गाणं लागतं, आपण मान खाली घालून उभे राहतो. पण त्या गाण्याचा आणि 'ईना मीना डीका'चा बाप एकच, हे आपल्यापैकी किती जणींना सांगता येईल?

हिंदीत कामं कमी झाली. मधल्या काळात स्वतः काढलेल्या 'झांझर', 'लहरें', 'दुनिया गोल है' या सिनेमांनी त्यांना हात दिला नव्हता. अण्णा मग मराठीकडं वळले. गदिमांचं 'गीतगोपाल' त्यांनी स्वरबद्ध केलं. 'धनंजय' आणि 'घरकुल' हे मराठी सिनेमे काढले. १९७०च्या 'घरकुल'मधलं पप्पा कुणाचे आणि मम्मी कुणाची असं विचारणारं गाणं माझ्या पिढीतल्या प्रत्येकीनं आपल्या मुलांना म्हणून दाखवलंय. अरुण सरनाईक, प्रमिला दातार आणि राणी वर्मा यांनी ते म्हटलं. सुरेश भटांचं 'मलमली तारुण्य माझे' आशाबाईंनी म्हटलं, तेही याच सिनेमातलं. आणि त्यांच्याच शेजारी एका इंग्रजी गाण्याच्या चालीवरचं, क्लबात शोभावं असं फैय्याज यांचं गाणं! बावन्नाव्या वर्षीही अण्णांनी आपली खोड सोडली नव्हती. १९७७ साली 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अण्णा गेले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

भगवानदादांचे दिवसही फिरले होते. बंगला, गाड्या गेल्या, शेवटची वर्षं दादरच्या चाळीत गेली. २००२ साली तेही गेले. गणपतीच्या मिरवणुका त्यांच्या चाळीपुढं थांबून त्यांचंच गाणं वाजवायच्या, असं सांगतात. लोकांनी पैसा जपून ठेवला नाही, पण चाल ठेवली.

हे सगळं मी आईला वाचून दाखवलं. विनायकबुवांचं नाव आलं तेव्हा तिनं मला हातानं थांबवलं. ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, आता आजोबांविषयी काहीतरी कडू बोलेल. तसं ती काही बोलली नाही. तिला एवढीच चुटपुट लागली की आजोबांना हे कळलं असतं तर ते किती खूश झाले असते. मला मात्र तेवढं मोठं मन नाही. तेरा वर्षांच्या मुलीनं नुसतं कानानं ऐकून एवढी अवघड चाल बसवली आणि घरातल्या जाणत्या माणसाला त्यातला थिल्लरपणा तेवढा दिसला, हे मला अजून सलतं. तिच्या बोटांत काय होतं ते कुणी बघितलंच नाही. किती घरांत, किती मुलींचं असं झालं असेल!

माझ्या भाचीकडं एक छोटा कीबोर्ड आहे. मागच्या रविवारी ती तो घेऊन आली. आईनं आधी आढेवेढे घेतले. बोटं वळत नाहीत, पट्ट्या फार मऊ आहेत, भात्याशिवाय सूर कसा लागेल, एक ना दोन. मग सगळे चहा घ्यायला आत गेले तेव्हा बाहेरून आवाज आला. चुकत, थांबत, पुन्हा मागं जाऊन. पण मुखडा ओळखता येत होता.

आम्ही कुणीच बाहेर गेलो नाही. कपातला चहा निवून गेला तरी स्वयंपाकघरात तशाच उभ्या राहिलो.

तुमच्या घरातल्या माळ्यावर काय काय आहे, एकदा बघा.